काळी अक्षरं

गिऱ्हाईक कितीही छातीठोकपणे "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला" म्हणालं, तरी आपोआप काही होत नसतं, असं त्या कॉम्प्युटरवाल्याचं अठरा वर्षांचं ठाम मत होतं. बिघाडाला कारण असतं. ते सापडत नसेल तर शोधणारा कमी पडतो. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत दिवसभर तो मशीन उघडायचा, धूळ फुंकायचा आणि कारण हुडकायचा. घरचं जेवणाचं टेबल मात्र वर्षभर डुगडुगत होतं. "जगाची दुखणी बरी करतोस आणि घरच्या टेबलाखाली कागदाची घडी," बायको म्हणायची.

घरातली एकच गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती. दोन वर्षांपूर्वी आईचे कान गेले होते. श्रवणयंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं होतं. जेवताना हे दोघं बोलायचे आणि ती एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची. ते हसले की मागाहून हसायची. ते उशिराचं हसू त्याला बघवेना.

चार रविवार घालवून त्याने टेबलावर एक स्क्रीन बसवला, मधोमध माइक ठेवला. कुणी बोललं की शब्द मोठ्या अक्षरांत उमटायचे. त्याचे निळे, बायकोचे हिरवे, आईचे तांबडे. आवाज अनोळखी असला तर काळे. पहिल्याच दिवशी बायको त्याच्याकडे वाकून काहीतरी पुटपुटली आणि हिरवी ओळ आली: 'मीठ कमी आहे, पण बोलू नकोस.'

आईने ती वाचली. "दोन वर्षं आळणी जेवताय, आणि मला सांगायला जीभ काय टाळ्याला चिकटली होती?"

तिघंही हसली. आई सगळ्यांच्या बरोबरीने हसली.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिघंही मुकाट जेवत असताना स्क्रीनवर काळी ओळ उमटली.

'तिला झोप लागत नाही.'

"फ्रीजची घरघर," तो लगेच म्हणाला. गोंगाटातून शब्द जुळवायची खोड असतेच असल्या प्रोग्रामला. पण आई मान डोलावत होती. "नाहीच लागत. पण हे मी कुणाला बोलले नव्हते."

मग तो हात धुऊन मागे लागला. माइक बदलला. फ्रीज बंद ठेवून बघितलं. सगळं उचलून ऑफिसात नेलं. तिथे पंखे, रहदारी असूनही, गिऱ्हाइकांचं बोलणं सोडलं तर, दोन दिवसांत एकही काळं अक्षर आलं नाही. घरी आणल्यावर पहिल्याच चहाला आलं. 'आज ती उशिरा उठली.'

"काढून टाक ना ते," बायको म्हणाली. ती हल्ली टेबलापाशी बोलेनाशी झाली होती.

आईने तेही वाचलं. "खबरदार! दोन वर्षांनी माणसांत आल्यासारखं वाटतंय मला."

काढून टाकणं त्यालाही मान्य नव्हतं. कारण सापडल्याशिवाय मशीन बंद करणं म्हणजे हार. त्याने साठवलेले सगळे आवाज पुसले आणि नव्याने नोंदवायला घेतले. एकेकाने दार लावून खोलीत बसायचं आणि तोच एक उतारा वाचायचा. त्याने वाचला, बायकोने वाचला, आईने वाचला. प्रोग्रामने विचारलं, 'आणखी कुणी?' त्याने 'नाही' दाबलं.

'चार आवाज ओळखले.'

त्याने हेडफोन लावून चौथी नोंद उघडली. चाळीस सेकंद. एकही शब्द नव्हता. फक्त श्वास होता. उताऱ्यात जिथे जिथे पूर्णविराम होता, तिथे तिथे कुणीतरी श्वास घेत होतं.

शनिवारी बायको आईला कान तपासायला घेऊन गेली. त्याने फ्रीज बंद केला, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. खुर्ची पुढे ओढून माइकसमोर बसला.

"काय हवंय?"

शब्द निळ्या अक्षरांत उमटले. त्याने वाट पाहिली. तळहात मांडीवर पुसले, पण उठला नाही.

मग काळी ओळ आली. 'तुझ्याशी नाही बोलत. तिच्याशी.'

"ती घरात नाही," तो म्हणाला.

पुढे काही आलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"डॉक्टर म्हणतात, कान पूर्ण गेलेत. आवाज आला की बटण दाबायचं असतं ना, आईंनी एकदाच दाबलं. तेही मशीनमधून काहीच सोडलं नव्हतं तेव्हा."

"कधी?"

"आत्ताच. पाच मिनिटंही झाली नसतील. का रे?"

त्याने फोन ठेवला. त्याने वायरी उपटल्या, स्क्रीन नि माइक खोक्यात भरले आणि ऑफिसातल्या कपाटात कुलपात ठेवून आला.

आई रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती चकार शब्द बोलली नाही.

रविवारी सकाळी तिघं चहाला बसली. टेबल मोकळं होतं. त्याने मोठ्याने विचारलं, "आई, आणखी चहा?" तिला कळलं नाही. बायकोने कपाला हात लावून दाखवला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

ती चौथ्या, रिकाम्या खुर्चीकडे कान लावून बसली होती. मधूनच मान हलवत होती. एकदा खुदकन हसली.

त्याने कागद ओढला. 'कुणाचं ऐकतेस?' असं लिहून तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

"थांब जरा. तुझ्याबद्दलच सांगतोय."

बायको उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तो जागचा हलला नाही. कागद परत घेऊन त्याने लिहिलं: 'काय?'

आईने कागदाकडे बघितलंच नाही. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. मग टेबलावरून हात पुढे करून तिने लेकाचं मनगट घट्ट धरलं.