माझं, की माझं नाही?

वाशीमच्या घरात कूलरसमोर बसून शर्वाणी चंद्रावर काम करत होती, आणि तिचा जीव मात्र नूपुरवर जळत होता.

चंद्राचं कोणाला कौतुक उरलं नव्हतं. भौतिकशास्त्राच्या निम्म्या वर्गाची उन्हाळी इंटर्नशिप तिथेच होती, आणि गेलं कोणीच नव्हतं. हातमोजे घालायचे, पडद्याकडे बघायचं, तिथले यांत्रिक हात तसेच हलायचे. अडचण एकच होती. तिथलं दृश्य इथे पोचायला सव्वा सेकंद लागे आणि इथली हालचाल तिथे पोचायला आणखी सव्वा. दुर्बिणीचे नाजूक आरसे लावताना एवढा उशीर म्हणजे सत्यानाश. म्हणून प्रत्येकाची एक ‘पूर्वछाया’ चंद्रावर ठेवलेली असे. पूर्वछाया म्हणजे तुमच्या सवयी शिकलेला संगणक. तुम्ही पुढे काय करणार हे ओळखून ती आधीच ते करून टाकायची, आणि ते पडद्यावर दिसायचं तेव्हा तुमचाही हात नेमका तसाच हललेला असायचा.

“मंग काम तू करतं का ते करते?” कूलरमध्ये पाणी ओतताना आईने विचारलं होतं.

“मीच गं! रोज संध्याकाळी ती एकेक हालचाल दाखवून विचारते, माझं की माझं नाही. मी काय उत्तर देणार, तेही ती विचारण्याआधीच लिहून ठेवते. शंभरातल्या सत्त्याण्णव माझ्याच निघतात.”

नूपुरच्या नव्व्याण्णव निघत. हीच नूपुर, जिने दोन वर्षं शर्वाणीच्या जर्नलमधून आलेख उतरवले होते! आता तिचे अकरा आरसे लागले होते आणि शेवटचा, बारावा, उद्या लागला असता. शर्वाणी आठव्यावरच अडली होती. आधी संपवेल तिला दोन वर्षांची संशोधनाची जागा होती, आणि जागा एकच होती. वर ही बया रोज फोन करून म्हणायची, “टेन्शन घेऊ नको गं, होईल तुझंही.” ते ऐकून शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या दुपारी नूपुरच्या पहिल्या आरशाचा स्क्रू शर्वाणीच्या यांत्रिक हातापासून वीतभरच लांब होता. बाकीचे सगळे त्याच्यावरूनच जुळवलेले; पाव फेरा दिला की अकराच्या अकरा आरसे पुन्हा लावावे लागणार. शर्वाणीने नुसतं पाहिलं. निदान तिला तसं वाटलं. पडद्यावर तिचा हात पुढे झाला, स्क्रू पाव फेरा फिरवून मागे आला.

संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक डॉ. वझलवार यांचा फोन आला.

“मॅडम, मी हात हलवलाच नाही!”

“खरं आहे, मोज्यात हालचालीची नोंद नाही. पण तू हलवणार, असं छायेला वाटलं. फिरलेला स्क्रू पडद्यावर दिसला म्हणून तू थांबलीस, की त्याआधीच थांबली होतीस? ते मोज्यावरून कळत नाही. शंभरात तीनदा छाया चुकते. हे त्या तिनातलं आहे का, ते तुलाच माहीत.”

“आणि मी ‘माझं’ म्हटलं तर?”

“तर तुझी इंटर्नशिप आज संपली. ‘माझं नाही’ म्हटलंस तर यंत्राची चूक धरू. नूपुरला मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.”

मग नूपुरचा फोन आला. ती हमसून हमसून रडत होती. “टेन्शन घेऊ नको गं,” शर्वाणी म्हणाली, “होईल तुझंही.” म्हणताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

पडद्यावर दोन बटणं होती. त्या क्षणी आपल्या मनात काय होतं, हे तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. काहीच हाती लागेना. शेवटी तिने ‘माझं नाही’ दाबलं.

उत्तर दिल्यावर छायेचा अंदाज उघडत असे. तो उघडला.

‘ती “माझं नाही” म्हणेल. नोंद: दुपारी तीन वाजून बारा मिनिटं.’

स्क्रू फिरला होता तीन वाजून तेरा मिनिटांनी.