उत्तरापुरता उशीर

कल्याणी नाकाडे पोहे परतत होती, आणि ओट्यावरचं खेळण्याएवढं विमान कोणी हात न लावता डावीकडे कलत होतं. तिच्या मनात आलं म्हणून ते कललं होतं. केसांवर तिने बारीक तारांची एक टोपी घातली होती. हवाई दलात तिला चेताजाळी म्हणत. हात हलवायचा असं मेंदूने ठरवलं की तो निरोप बोटांपर्यंत पोचायच्या आत जाळी तो विमानापर्यंत पोचवायची. मनगटं मंदावली तरी बिघडत नव्हतं. उमेदवारांना सरावासाठी हे छोटं विमान घरी न्यायला मिळे.

या जाळीमुळेच वैमानिकांच्या भरतीची वयाची अट पन्नाशीपर्यंत वर गेली होती. नव्या लढाऊ विमानात एकच माणूस बसायचा आणि त्याच्यामागे बिनमाणसांच्या विमानांचा थवा उडायचा. थवा सांभाळायला चपळ हातापेक्षा मुरलेलं डोकं लागतं, हे वरच्यांना उशिरा का होईना पटलं होतं. कल्याणी एकोणपन्नास वर्षांची होती. तरुणपणी वडिलांच्या दुखण्यात तिची हवाई दलाची संधी हुकली, आणि ती मोकळी होईपर्यंत वय निघून गेलं. मग तिने गडचिरोलीच्या जंगलावरून रुग्णांना नेणारं छोटं विमान उडवलं. शेजारच्या आसनावर दिवाकर असायचा. पेशाने परिचारक, नात्याने नवरा, आणि गरजेपुरता सहवैमानिक.

उडताना आणि उतरताना ती एकेक गोष्ट मोठ्याने विचारायची आणि तो बघून सांगायचा. त्याचं उत्तर आल्याशिवाय तिचा हात पुढे जायचा नाही. ते काम सुटलं तरी घरात ती रीत चालूच होती.

"चाकं?" तिने विचारलं.

"खाली," कोथिंबीर चिरता चिरता दिवाकर म्हणाला. "अन् पोहे?"

"लागले!" तिने घाईने शेगडी बंद केली.

"बाप्पा! हिच्या हाती देशाचं आकाश देऊन राहिले, अन् हिला कढई सांभाळता येत नाही."

हवाई दलाच्या तळावर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. आभासी उड्डाणाच्या चाचणीत ती दोनदा नापास झाली होती. निर्णय अचूक असायचे, पण प्रत्येक निर्णयानंतर पापणी लवण्याइतका उशीर व्हायचा, आणि लढाऊ विमानात तेवढ्यात सगळं आटोपतं. शुक्रवारची संधी शेवटची होती. त्याआधी तळावरच्या चेतातज्ज्ञ डॉक्टर शलाका राजाध्यक्ष यांनी तिला बोलावून घेतलं.

"वय झालं, हेच सांगायचंय ना?" कल्याणीने स्वतःच विषय काढला.

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," शलाका म्हणाली. "पण मॅडम, तुमच्या नसा ठणठणीत आहेत. हे बघा, इथे तुमचा निर्णय झाला आणि इथे कृती झाली. या मधल्या वेळात तुमच्या मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा असतो. तुम्ही कुणाचं तरी उत्तर यायची वाट बघता."

कल्याणी पडद्याकडे बघत राहिली. एकाच आसनाच्या विमानात बसून ती शेजारून होकार यायची वाट बघत होती. तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले.

"माझा नवरा," ती म्हणाली. "तो 'हो' म्हणायला जेवढा वेळ घेतो, तेवढाच आहे हा उशीर."

शलाकाने उपाय सांगितला. मेंदूत ही सवय पायवाटेसारखी रुळली होती, आणि ती सुन्न करता येत होती. आधी तात्पुरती, म्हणजे परिणाम आठ-दहा दिवसांत उतरला असता. चाचणीत निभावलं आणि कल्याणीने होकार दिला, तर कायमची.

"त्याबरोबर दुसरं काही जाईल?"

"ती पायवाट विमानापर्यंतच जाते, की आणखी कुठे, हे मला सांगता येणार नाही," शलाका म्हणाली.

घरी येऊन तिने दिवाकरला सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस मीच मागून ओढून धरत होतो तं तुला!" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरली. "घेऊन टाक तो उपाय. सारी जवानी तू विमानांकडे मान वर करून पाहत राहिलीस. आता माझ्या एका 'हो'साठी खाली राहशील तं माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

तात्पुरता उपाय घेऊन शुक्रवारी तिने थवा असा वळवला की बघणारे अधिकारी खुर्च्यांवरून उठले. दिवाकरने आधीच पेढे आणून ठेवले होते. ते त्याने गल्लीत वाटले आणि वाटता वाटता चारपाच स्वतःच खाल्ले.

संध्याकाळी तिने चहा केला. दिवाकरला मधुमेह होता. दिवसभरात काय खाल्लं ते आठवून तो साखरेचं ठरवायचा, म्हणून ती रोज विचारायची.

"साखर घालू का?" असं ती म्हणाली, आणि म्हणेपर्यंत साखर घालून ढवळूनही झाली होती.

दिवाकरने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती आनंदात काहीतरी सांगत होती. त्याने मुकाट्याने दोन घोट घेतले आणि चहा गार झाल्याचं सांगून कप बाजूला ठेवला.

पुढच्या दिवसांत दिवाकर फार तत्पर झाला. तिने पिशवीकडे हात नेला की "चल, येतो बाजारात." चमचा उचलला की "नको आज." पंख्याच्या बटणाकडे वळली की "राहू दे, गरम होते." कल्याणीला वाटलं, स्वारी खुशीत आहे. बुधवारी मात्र तिच्या लक्षात आलं.

"दिवाकर, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तू उत्तर काहून देतोस?"

"असंच."

"खरं सांग."

तो ओशाळला. "तुला थांबता येत नाही ना आता. तू विचारतेस, पण माझं येईपर्यंत करून मोकळी होतेस. म्हटलं, मीच जरा लवकर निघत जातो. सराव करून राहिलो. कधी चुकतो, पण जमून जाईन."

कल्याणी खाली बसली. या पाच दिवसांत आपण त्याचं एकही उत्तर ऐकलेलं नाही, हे तिला आत्ता कळत होतं. तिला लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल माया दाटून आली.

"असं कसं रे निभेल जन्मभर?" ती म्हणाली.

"निभते. तू उड, कल्याणी. घरातलं मी पाहून घेतो."

घरातलं तो पाहून घेईल, हे खरं होतं. पण पुढे याच हाताखाली थव्यातल्या अस्त्रांची कळ असणार होती, आणि तिथे तिच्या आधी "नको" म्हणायला दिवाकर नसणार होता. कायमच्या उपायाला होकार की नकार, हे दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकाला कळवायचं होतं. होकार द्यायची तिची फार, फार इच्छा होती. पण त्याआधी आपला हात थांबवता येतो का, हे तिला बघायचं होतं.

ती उठली. तिने चहा टाकला, दोन कप भरले आणि साखरेचा डबा उघडला.

"आज घाई करू नको," ती त्याला म्हणाली. "तुला बोलावंसं वाटेल तेव्हाच बोल."

चमच्यात साखर घेऊन तिने विचारलं, "घालू का?"

हात लगेच कपाकडे निघाला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. साखरेचे दोन-चार दाणे ओट्यावर सांडले. दिवाकरचं उत्तर ओठांवर आलं होतं, तरी तो मुद्दाम गप्प राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. चमचा कपाच्या काठाशी येऊन टेकला होता. सवय निघून गेल्यावर नुसत्या मायेच्या जोरावर तो हात किती वेळ थांबणार होता?