पाचवा खळगा

फोन आला तेव्हा पारखीबाई एका नव्या सॅकची चेन लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या.

"कड्याखाली एक माणूस सापडलाय," पलीकडून इन्स्पेक्टर म्हणाले. "वारलाय. डाव्या पायाला करंगळी नाही. तुम्ही पहाटे तक्रार दिली होतीत म्हणून विचारतोय."

पारखीबाईंनी चेन शेवटपर्यंत लावली.

"माझा नवरा आहे तो," त्या म्हणाल्या. "आलेच मी."

पारखीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. भटकंतीच्या सामानावर लिहिणाऱ्या मासिकाच्या संपादकाने ते गमतीत ठेवलं होतं, ते पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं. दोघं नवरा-बायको मिळून बूट, सॅक, तंबू, दोर स्वतः वापरून बघायची. वापरायची म्हणजे अगदी जीव जाईस्तोवर. वस्तूचा जीव, अर्थात. बूट तर वर्षभर पायात घातल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही, हा नवऱ्याचा हट्ट. तरुणपणी एका बर्फाळ मोहिमेत कुणाच्या तरी कौतुकाला भुलून त्याने बूट घेतले होते. करंगळी तिथेच गेली.

आत्ताचे बूट घरचेच म्हणायचे. धाकटा दीर ज्या कारखान्यात बूट घडवायचा, तिथला हा नवा नमुना. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्या डोक्यातून निघालेला. वर्ष भरत आलं होतं. शेवटची फेरी म्हणून नवरा सकाळी गावामागच्या कड्यांकडे गेला आणि संध्याकाळी आला नाही.

दीर मात्र आला होता. जेवला, आईच्या खोलीत जाऊन बसला.

"पोलिसांना कळवू का हो भाऊजी?" पारखीबाईंनी विचारलं होतं.

"वहिनी, दादाचं हे काय आजचं आहे का? ठोकला असेल कुठेतरी मुक्काम. तुम्ही गाव गोळा केलंत, तर आल्यावर तोच खवळेल."

त्यांनी ऐकलं होतं. पहाट होईपर्यंत.

इस्पितळात त्यांना चेहरा दाखवला. त्यांनी पायही बघितले. डावा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. आपण रडायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण आत काही हललं नाही.

"कधी गेले?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"पडले सकाळी. गेले दिवस मावळल्यावर. आतून रक्तस्राव होत राहिला. उजव्या मांडीचं हाड मोडलंय, हलणं शक्यच नव्हतं."

"वेळेवर आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तर आपण आत्ता वेगळं बोललो असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्टर घरी आले. आडदांड, थकलेला माणूस. हातात कागदी पिशवी.

"अपघातच दिसतोय. फोनचा चुरा झाला होता. एकटेच होते, सोल झिजलेले, पाय घसरला. सामान ओळखून सही द्या म्हणजे झालं."

पारखीबाईंनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. शर्ट. पाण्याची बाटली. मोजे. बूट. इस्पितळात लेस मधोमध कापून पायांतून काढलेले, गाठी तशाच.

त्यांनी मोजे उलटे धरले. तळव्याला बारीक गवत होतं, कुसळं होती, दोन्ही मोज्यांना.

"मोजे घालून कुणी चाललं का यावर?"

"नाही बुवा. बूट पायांतच होते. आमच्याच माणसांनी आणलं त्यांना."

"मग बूट पायांत असताना मोज्याच्या तळाला कुसळं कशी?"

इन्स्पेक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांचे बूट करकरले.

"तुमचे बूट लहान आहेत," पारखीबाई मान वर न करता म्हणाल्या. "टाच सोलतेय तुमची."

"बायकोने आणलेत. बोलायची सोय नाही."

एरवी त्या हसल्या असत्या. त्यांनी डावा बूट हातात घेतला. लेस वरच्या हुकांपर्यंत गेलीच नव्हती. खालीच सैल आवळून गाठ मारलेली. उजव्या बुटाची मात्र वरपर्यंत व्यवस्थित.

"घोटा सुजल्यावर त्यांनीच सैल केली असेल," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मांडीचं हाड मोडलेला माणूस बुटापर्यंत वाकेल कसा?"

त्यांनी बोट सोलच्या कडेने फिरवलं. गोंदाची एक रेघ होती. तिच्यावर किंचित तिरकी दुसरी. मग बुटात हात घालून आतली गादी बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. खूप चाललेल्या माणसाचा पाय गादीत उतरतो. टाच उतरते, चवडा उतरतो, बोटांचे खळगे पडतात. पारखीबाई बराच वेळ बघत राहिल्या. डोकं स्वच्छ होतं. फक्त हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते.

"काय झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मोजा."

इन्स्पेक्टरांनी बोटाने मोजलं. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

"पाच," ते हळूच म्हणाले.

"डावा आहे हा. त्याच्या डाव्या पायाला चारच बोटं होती."

आतल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पारखीबाईंनी उठून त्यांचं दार लोटून घेतलं.

"म्हणजे बूट बदलले कुणीतरी," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण कशासाठी? आणि कधी?"

"कधी ते लेस सांगतेय. डावा घोटा सुजल्यावर. मेलेल्या माणसाचा पाय सुजत नाही हो, आणि तो गेला तेव्हा अंधार होता; अंधारात त्या कड्याखाली कुणी उतरत नाही."

इन्स्पेक्टरांनी पिशवीची घडी घालायला घेतली होती, ती तशीच राहिली.

"कुणीतरी होतं तिथे," पारखीबाई म्हणाल्या. "हा शुद्धीत असेल नसेल, पण जिवंत होता. त्या माणसाने याचे बूट काढले, दुसरे चढवले आणि निघून गेला."

कारखाना गावाच्या टोकाला होता. आत शिरताच चामड्याचा आणि गोंदाचा वास नाकात बसला. कारखानदार गोलमटोल गृहस्थ, उभे राहून हात जोडत पुढे आले.

"फार वाईट झालं. आमच्या बुटांवर त्यांचा शब्द येणार होता. सगळं त्यावर अडलं होतं."

"शब्द चांगला येणार होता?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"तसं धाकट्याने कळवलं होतं."

"तुमच्याकडे आहे का या नमुन्याचा जोड?"

"होता. फेकला मी."

"फेकला? का?"

"सोल निघाला हो. पहिल्या खेपेचा गोंदच नासका होता. वर्षभर पावसापाण्यात चाललं की कधी सुटेल, नेम नाही."

"परवा सकाळी कुठे होतात?"

कारखानदारांच्या कपाळावर घाम आला. "गाडी घेऊन बाहेर गेलो होतो. एकटाच."

"कुठे?"

"ते... दुसऱ्या कारखान्याशी बोलणी चालली आहेत. इथे कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

इन्स्पेक्टरांनी पारखीबाईंकडे सहेतुक पाहिलं. पारखीबाई मात्र कारखानदारांच्या पायांकडे बघत होत्या. इतके इवलेसे पाय की शाळेतल्या मुलाचे बूट सहज झाले असते.

"पहिल्या खेपेतले बाकीचे जोड?" त्यांनी विचारलं.

"धाकट्याकडे एक आणि थोरल्यांकडे एक, बस. पण काळजीचं कारण नाही. मी लगेच हुकूम दिला, दोन्ही जोड उघडून नव्या गोंदाने चिकटवा. धाकट्याने स्वतः केलं ते काम. दादाचेही करून दिले म्हणाला. विचारा हवं तर."

"विचारू," पारखीबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर इन्स्पेक्टर म्हणाले, "पाय लहान असले म्हणून काय झालं? त्याने दुसऱ्या कुणाचे बूट वापरले असतील. फायदा त्याचाच आहे."

"साहेब, वर्षभर ते बूट एक तर याच्या पायात असायचे, नाहीतर आमच्या दाराशी. चिकटवायला म्हणून कधी कुठे गेले नाहीत. संध्याकाळी घरी या. भाऊजींनाही बोलावते."

दीर आला तो आल्या आल्या आईच्या खोलीकडे वळला. पारखीबाईंनी त्याला टेबलापाशी बोलावलं. इन्स्पेक्टर खिडकीशी उभे होते.

"बसा भाऊजी. तुमचा जोड कुठे आहे?"

"कसला जोड?"

"या बुटांचा. पहिल्या खेपेतला."

"असेल कारखान्यात कुठेतरी. वहिनी, आत्ता हे काय काढलंत?"

"परवा सकाळी कुठे होतात?"

"कामावर."

"दुपारनंतर होतात," इन्स्पेक्टर म्हणाले. "आत्ताच विचारून आलो. सकाळी तुम्हाला कुणी पाहिलेलं नाही."

पारखीबाईंनी गादी टेबलावरून उचलली आणि त्याच्या पायापाशी जमिनीवर ठेवली.

"चप्पल काढा. पाय ठेवा यावर."

"वहिनी..."

"ठेवा. बसला नाही तर मी तुमची माफी मागेन. दोघा भावांचं माप एकच, तेव्हा लांबी जुळेलच. मला बोटं बघायची आहेत."

त्याने चपलेतून पाय काढला. अर्ध्यावर आणला. मग तो मागे घेतला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

पारखीबाई सांगू लागल्या. पावसाळी जाकिटाचे गुणदोष सांगावेत, इतक्या सपाट आवाजात.

"पहिल्या खेपेचा गोंद वाईट आहे, हे तुम्हाला कळलं होतं. तुमचा जोड तुम्ही उघडून पुन्हा चिकटवलात. या बुटांवर गोंदाच्या दोन रेघा आहेत. दादाचा चिकटवला नाहीत. चिकटवला असतात तर त्याला सांगावं लागलं असतं आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून वर्ष मोजलं असतं. एवढं थांबायची तुमची तयारी नव्हती. मालकांना सांगितलंत, झालं काम. परवा त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात. कड्यावर त्याचा सोल सुटला आणि तो पडला. तुम्ही खाली उतरलात. तो जिवंत होता. फाटका बूट तसाच राहिला तर सगळं उघड होणार. त्या जागी धड बूट एकच होते, तुमच्या पायातले. ते काढून तुम्ही त्याला घातलेत. त्याला बिनबुटांचं गवतात टेकवलंत, तेव्हा मोज्यांना कुसळं लागली. डावा पाय आत जाईना, म्हणून लेस सैल ठेवलीत. यात मी कुठे चुकतेय का?"

"मी ढकललं नाही त्याला!" दीर ओरडला. "देवाशपथ नाही. वाटेत भेटून निघालो होतो, आयत्या वेळी ठरलं. तो पुढे होता. मला नुसता फटकन आवाज आला."

"माहीत आहे मला."

"मदत आणायलाच निघालो होतो, वहिनी. दादाचे बूट पट्ट्याने बांधून कसाबसा खाली आलो. म्हटलं, आधी हे बूट नाहीसे करू, मग फोन करू. कारखान्याच्या भट्टीत टाकले. तोवर दुपार झाली. आता फोन केला तर विचारतील, इतका वेळ कुठे होतास. मग वाटलं, कुणीतरी जाईलच की त्या वाटेने, दिसेल त्यांना..."

"तो काय म्हणाला?"

"कधी?"

"तुम्ही बूट चढवत होतात तेव्हा."

इन्स्पेक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो दिराने घेतला नाही.

"म्हणाला, हळू रे. दुखतंय." तो हुंदके देऊ लागला. "त्याला वाटलं मी पाय बांधतोय. म्हणाला, तू आहेस म्हणून बरं."



"आणि संध्याकाळी तुम्ही इथे बसून जेवलात," पारखीबाई म्हणाल्या. "मी पोलिसांना कळवते म्हटलं, तर मला अडवलंत. डॉक्टर म्हणतात, दिवस मावळेपर्यंत होता तो."

"मला वाटलं तोवर सगळं संपलं असेल."

"वाटलं. बघायला गेला नाहीत."

इन्स्पेक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दीर उठला. दारापर्यंत जाऊन वळला, काही बोलणार होता, पण पारखीबाई वर्तमानपत्र गोळा करत होत्या. जिन्यावर पावलं वाजली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही राहिला नाही.

पारखीबाईंनी टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. आतलं दार उघडून सासूबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या होत्या. दार जाड नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बसा, आई."

सासूबाई बसल्या नाहीत. त्या उघड्या दाराकडे बघत होत्या.

"घाबरला असेल गं तो," त्या म्हणाल्या.

"कोण, आई?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले.

"तेच मला कळेनासं झालंय," त्या म्हणाल्या. "दोघंही लहान दिसतात मला."

पारखीबाईंनी फडकं खाली ठेवलं, त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि शेजारी जमिनीवर बसल्या. म्हातारीचा हात त्यांच्या केसांवर आला. पारखीबाईंचे डोळे अजूनही कोरडेच होते.