मॅकइनर्नींचा कोपरा

मार्टिन मॅकइनर्नीला गावानं ओळखलं ते बुटांवरून. चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. दलदलीतली जळणाची माती, म्हणजे पीट, कापायच्या फावड्याचे सहा घाव, त्यातले पाच तोंडावर. डाव्या हाताची तीन बोटं रस्त्याकडेच्या गवतात पडली होती. वार अडवायला त्यानं हात वर केला असणार. सोमवारी पहाटे दुधाच्या गाडीचं गाढव त्या वळणावर अडून बसलं, म्हणून तो सापडला.

बुधवारी सकाळी डेलिया टब्रिडी लिमरिकला येऊन हे सांगत होती, तेव्हा मॉसी गॅलव्हिननं चहाचा कप दूर सारला. मॉसी म्हणजे तरुणपणी हर्लिंग खेळलेलं सहा फुटी धूड, पण रक्ताचं नाव काढलं की त्याचं पाणी पाणी व्हायचं. मिस हनोरा लिडी मात्र पावाला लोणी लावत ऐकत होत्या. जन्ममृत्यूच्या कचेरीत वीस वर्षं लोकांची नावं लिहून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता लोकांची कोडी सोडवत. मोटार मॉसीची आणि डोकं बाईंचं, अशी भागीदारी होती.

"फावडं आमचंच आहे, बाई," डेलिया म्हणाली. "पण ते रानात उघड्यावर पडलेलं असतं, कोणीही उचलावं. माझ्या भावाच्या, कोल्मच्या शर्टावर मार्टिनचं रक्त मिळालं, म्हणून पोलिसांनी त्याला धरलंय. फासावर चढवतील हो त्याला!"

"रक्त कसं लागलं?"

"रविवारी रात्री नऊला त्यानं मार्टिनचं नाक फोडलं. सगळ्या खानावळीदेखत."

"भलताच शहाणा दिसतोय," मिस लिडी म्हणाल्या. "मॉसी, गाडी काढ."

क्लेअरमधल्या त्या गावच्या चौकीत कोल्म गुडघ्यात मान घालून बसला होता.

"मेंढरांच्या वाटेवरून भांडण होतं आमचं," तो म्हणाला. "रविवारी पहाटेपासून मी एनिसला, मॅचला. गावातले तीसजण एकाच लॉरीत. साडेआठला परतलो, दोन ग्लास ढोसले, मार्टिननं टोमणा मारला, मी ठोसा हाणला. दहाला तो घरी निघाला, मीही निघालो. एकटाच. तेच नडलं."

"तोंडाआधी हात चालवायची सवय सोड," बाई म्हणाल्या. "सुटलास तर."

खानावळीत बोस्टनचा वॉल्टर मॅकइनर्नी भेटला. आडनावाचं मूळ शोधायला तो महिनाभर इथं तळ ठोकून होता.

"मॅकइनर्नी म्हणजे एरेनाखचा मुलगा," तो छाती फुगवून म्हणाला. "एरेनाख म्हणजे चर्चच्या जमिनीचा वतनदार. जमीन कसायची, कबरस्तान राखायचं, बापामागून मुलानं. बोस्टनला आम्ही मासे विकतो, आणि इथं आमचे पूर्वज वतनदार!"

"मग थोरल्या घराण्याचा वारस कोण?"

"मार्टिन होता. आता वतन राखतो तो थॅडी मॅकइनर्नी, त्याच्या आज्यानं कबरस्तानालगतचं शेत थोरल्या भावाकडून बळकावलं. तोच भाऊ मार्टिनचा आजा, आणि माझ्या आजीचा बाप. माझ्याकडच्या जुन्या पत्रांत सगळं होतं. रविवारी चारपासून साडेआठपर्यंत धो धो पाऊस, आम्ही दोघं इथंच बसून पत्रं लावत होतो. सोमवारी तो ती घेऊन वकिलाकडे जाणार होता. पत्रं कोटाच्या खिशात होती, आता नाहीत."

"थॅडीला ठाऊक होतं?"

"मार्टिननं शनिवारी गावभर डांगोरा पिटला होता. दहानंतर मी खोलीत झोपलो, पण साक्षीला कोणी नाही, हे आधीच सांगतो." वॉल्टरनं कपाळ पुसलं. "तेव्हापासून पावसाचा थेंब नाही, नुसता उकाडा. त्यातून तो चेहरा! फादर म्हणाले, मंगळवारी सकाळीच पुरून टाकू. पण सोमवारी कबरीला हात लावायला एक माणूस तयार होईना. का, ते मला कोणी सांगेना. शेवटी थॅडीनंच एकट्यानं खणली."

बाहेर आल्यावर मॉसी कुजबुजला, "हाच तो! मार्टिन गेला की थोरल्या घराण्याचा वारस हा. वतन याच्या घशात!"

"वतन गिळायला आलेला माणूस वतनाचीच पत्रं पळवेल होय रे? चल, थॅडीकडे जाऊ."

थॅडी मॅकइनर्नीचं घर कबरस्तानाच्या भिंतीला खेटून होतं. तो बाहेर गेला होता. त्याची बायको पेग दिवसांत होती. नववा महिना भरत आला होता. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवला होता.

"बाळाला नजर लागू नये म्हणून," ती लाजून म्हणाली. "दोन गेली माझी, बाई. थॅडी मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाही."

"आणि सोमवारी कबर खणू दिलीस तू त्याला?"

पेगनं क्रूस केला. "हातापाया पडले मी! सोमवारी कबर उघडली की उघडणाऱ्याच्या घरातलं कोणी वर्षात जातं. आदल्या दिवशी गवताची दोन ढेकळं उलटून ठेवली असली तरच दोष नाही. पण तो म्हणाला, घाबरू नकोस, रीत पाळलीय. बाळाची शपथ घेऊन म्हणाला."

"रविवारी रात्री कुठं होता तो?"

"घरीच. मी लवकर झोपते, बाई. औषध आहे ना."

मिस लिडींनी तिचा हात थोपटला. मॉसीला वाटलं, बाईंचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला.

कबरस्तानात प्रत्येक घराण्याचा कोपरा वेगळा होता. मार्टिनच्या घरच्यांचा ओढ्याकडचा. त्या घरात मार्टिन एकटाच उरला होता. ताज्या मातीच्या ढिगाशेजारी गवताची ढेकळं रचलेली होती. मॉसीनं कंटाळून बुटानं चाळवली. सगळ्यांना काळी माती घट्ट चिकटलेली. फक्त दोन बाजूला पडलेली, त्यांची मुळं धुतल्यासारखी पांढरीशुभ्र.

"फाटकाचं कुलूप आज उघडं आहे," बाई म्हणाल्या. "एरवी किल्ली कोणाकडे?"

"थॅडीच्या कमरेला. वतनदाराचा मान म्हणे."

"मॉसी, पोलिसांना बोलाव. डेलिया आणि वॉल्टरलाही."

तासाभरात सगळे जमले. थॅडी फावडं घेऊन आला, ढेकळं परत लावायला. रुंद खांद्यांचा, मऊ आवाजाचा माणूस.

"थॅडी," मिस लिडी म्हणाल्या, "ही दोन ढेकळं पावसानं धुतलेली आहेत. पाऊस रविवारी चार ते साडेआठ पडला, नंतर थेंब नाही. म्हणजे ती पाऊस थांबायच्या आत उलटली गेली. मार्टिन तेव्हा खानावळीत धडधाकट बसला होता, दहापर्यंत जिवंत होता. या कोपऱ्यात त्याच्या घराखेरीज कोणी पुरत नाही, आणि घरात तो एकटा. मग जित्या माणसाची कबर कोणी सुरू केली?"

थॅडीनं फावडं मातीत टेकवलं. बाई पुढे म्हणाल्या,

"वॉल्टरला ही रीत ठाऊकच नाही. कोल्म पहाटेपासून तीस जणांबरोबर एनिसला. किल्ली तुझ्याकडे. मार्टिन सोमवारी वकील गाठणार, म्हणून रविवारी रात्रीच मरायला हवा होता. आणि पुरायची घाई होणार, हेही एकालाच माहीत होतं, कारण चेहरा शिल्लक ठेवायचा नाही हे त्यानंच ठरवलं होतं. शेजारी सोमवारी कबरीला हात लावणार नाहीत. खणायची वेळ वतनदारावरच येणार."

"ढेकळांवर माणसाला फासावर द्याल?" थॅडी हसायला गेला.

"नाही देणार. एवढंच म्हण, की ती मी सोमवारी उलटली. पावसाचं काय, बादलीभर पाणी सांडलं असेल. बोल, थॅडी. रीत मोडून सोमवारी कबर उघडली, असं म्हण आणि घरी जा."

थॅडीनं तोंड उघडलं. त्याची नजर भिंतीपलीकडे गेली. पेग खिडकीत बाळाची दुपटी वाळत घालत होती. खोटं बोलला तर सुटत होता, आणि तेवढं खोटं काही त्याला बोलवेना.

मग फावडं उठलं, सरळ बाईंच्या डोक्यावर. मॉसी मध्ये पडला. पातं त्याच्या खांद्यात हाडापर्यंत घुसलं, रक्ताची चिळकांडी बाईंच्या टोपीवर उडाली. मॉसीनं दुसऱ्या हातानं थॅडीचं मनगट धरून गुडघ्यावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"शेत माझं होतं!" थॅडी मातीत लोळत ओरडला. "माझ्या पोराचं होतं! तो भिकारडा निर्वंश, त्याला वतन कशाला? गयावया करत होता, तीन बोटं गेली तरी पत्रं सोडेना!"

"पत्रं कबरीतच असतील," मिस लिडी पोलिसांना म्हणाल्या. "एकट्यानं खणलीय. शवपेटीखाली बघा."

पत्रं नंतर तिथंच मिळाली, रक्तानं माखलेल्या थॅडीच्या शर्टात गुंडाळलेली. डेलिया चौकीकडे धावत सुटली. मॉसीचा खांदा बांधायला बाईंनी आपली शाल फाडली. "मूर्खा," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मूर्खा, मेला असतास की रे." मॉसीला इतकं बरं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

पेग फाटकाशी उभी होती. नवऱ्याला नेताना तिनं पाहिलं होतं, पण कशावरून पकडला ते तिला अजून कळलं नव्हतं. ते आपल्याच तोंडून गेलं, हेही नाही. तिनं बाईंची बाही धरली.

"एवढंच सांगा, बाई. सोमवारी कबर उघडली त्यानं. माझ्या बाळाला दोष नाही ना लागणार?"

मिस लिडींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "रीत पाळलीय त्यानं."