प्रोटेक्शनचा दिवा

मारुती मंदिराच्या चौकातून नाचणे गावाकडे वळलं की डाव्या हाताला आत्मारामचं दुकान होतं. गाड्यांत टेप, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे, एवढाच धंदा. पद्धतही एकच, आणि तिच्यापायी गिऱ्हाइकं वैतागायची. एका वेळी एकच वस्तू काढायची आणि बघायचं. घाईघाईत दोन वायरी एकदम काढणाऱ्याला तो कारागीर मानायलाच तयार नसे.

२००४ च्या एप्रिलात एका दुपारी दोनला रघूने सुमो दारात आणून लावली. रघू शाळेपासूनचा दोस्त, भाड्याची गाडी चालवायचा. आजची खेप मात्र घरची होती. बहिणीचा साखरपुडा होता आणि नवऱ्याकडची माणसं जयगडहून आणायची होती.

"प्रोटेक्शन मारतोय," स्टिअरिंगवर बसूनच रघू म्हणाला. "सकाळपासून आवाज नाय. पावण्यांना काय मुक्याने आणू?"

अ‍ॅम्पला एक बारका दिवा असतो. हिरवा असला की सगळं ठीक. वायर कुठे टेकली, स्पीकर जळला, अर्थिंग सैल झालं की तो लाल होतो आणि अ‍ॅम्प स्वतःला बंद करून घेतो, पुढचं नुकसान टळावं म्हणून. यालाच प्रोटेक्शन म्हणतात. गिऱ्हाईक थापा मारतं, दिवा मारत नाही, असं आत्मारामचं मत होतं.

त्याने स्पीकर सोडवले. लाल. टेपकडून येणारी वायर काढली. लाल. अर्थिंगचा बोल्ट खाऱ्या हवेने गंजला होता. तो काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला. मीटर लावला, बॅटरी पावणेतेरा व्होल्ट, एकदम निरोगी. अ‍ॅम्प हाताला गारही लागत होता. उन्हात घामाघूम होऊन आत्मारामने वर बघितलं. दिवा लालच.

"आधीच्या मालकानं काय करून ठेवलान काय माहीत," असं पुटपुटत रघू समोर बाबल्याच्या टपरीवर चहाला निघाला. त्याचा पाय जमिनीला लागला आणि दिवा हिरवा झाला.

आत्मारामला हसू आलं. अ‍ॅम्प ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे वजनाने वायर दबत असणार. त्याने लांब वायरी जोडून अ‍ॅम्प बाहेर काढला आणि दुकानाच्या फळीवर, दिवा आतून आणि रस्त्यावरूनही दिसेल असा तिरका करून ठेवला. रघू परत येऊन बसला. लाल. आत्माराम स्वतः बसला. हिरवा. बाबल्या रघूच्या दीडपट. त्याला मुद्दाम बोलावून बसवलं. हिरवा.

"तुझा मोबाईल काढ," आत्माराम म्हणाला.

मोबाईल काढला. मग घड्याळ, पट्टा, बोटातली तांब्याची अंगठी. एका वेळी एक. रघू आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

"आता काय चड्डी काढू? तीन वाजले रे. मी जातंय तसाच."

आत्मारामने फळीवर बघितलं. रघू एव्हाना गाडीत नव्हता, दुकानाच्या पायरीवर उभा होता. दिवा तरी लाल होता. मघाशी दिवा हिरवा व्हायला रघू गाडीतून उतरला की पुरत होतं.

  आत्मारामने वाकून गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल सोडवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला थाप मारली.

"वायरिंग आतून जळतंय. वाटेत पेट घेईल. मी सांगेपर्यंत गाडी हलवायची नाय."

रघू भडकला. पाहुणे खोळंबलेत, आई जीव खाईल, बहिणीच्या सासरी पहिल्याच दिवशी शोभा. आत्माराम मान खाली घालून ऐकत राहिला. दुकानातल्या बॅटरीवर त्याने अ‍ॅम्प जोडला होता आणि उगाचच स्क्रू पिळत होता. साडेतीनला रघू रागारागाने टपरीवर जाऊन बसला. रस्त्याच्या पलीकडे. दिवा लालच राहिला.

पावणेचारला हिरवा झाला.

आत्मारामने रघूला हाक मारली. जवळ बोलावलं, अ‍ॅम्पवर हात ठेवायला लावला. हिरवा.

त्याने गाडीचं टर्मिनल परत जोडलं. "जा," तो म्हणाला. "झालं काम."

"आणि हा अ‍ॅम्प?"

"उद्या लावू. तू जा आता."

चार चाळीसला दुकानातला फोन वाजला. रघू जयगडच्या वाटेवरच्या चाफे गावातून बोलत होता.

"आत्म्या, इथे वडाची फांदी पडलीय रस्त्यात. फांदी कसली, झाडच ते! वारा नाय, काय नाय. लोक सांगतायत पावणेचारला पडला. पाऊण तासाची वाट, मी तीनला निघालो असतो तर..." मग हळूच म्हणाला, "तुला कसा कळला रे?"

"मला काय कळतंय," आत्माराम म्हणाला. "सावकाश जा."

त्याने फोन ठेवला. त्याला आनंद झाला होता, अगदी उड्या माराव्यात इतका. तो फळीपाशी स्टुलावर टेकला आणि अ‍ॅम्पला त्याने प्रेमाने थोपटलं.

दिवा लाल झाला.

तो उठून दोन पावलं मागे सरला. हिरवा. पुढे आला. लाल.

घड्याळ काढलं. अंगठी नव्हतीच. पक्कड खिशातून काढून ठेवली. एका वेळी एक.

साडेपाचला त्याची बायको दमयंती आली. ती पोस्टात होती. सुटली की दुकानात यायची आणि दोघं स्कूटरवरून घरी जायची. आत्माराम तोवर दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता.

"असे काय उभे? निघायचं ना?"

"जरा त्या अ‍ॅम्पला हात लाव," तो म्हणाला.

"मला शॉक द्यायचाय का?"

"लाव गं."

तिने हसत हात ठेवला. दिवा हिरवाच राहिला. आत्मारामने डोळे मिटून श्वास सोडला. त्या घटकेला त्याला दुसरं काही नको होतं.

"तू शहर बसने हो पुढे. मला काम आहे."

"स्कूटर आहे की. थांबते मी."

"नको!" तो इतक्या जोरात ओरडला की ती दचकली. मग त्याने आवाज उतरवला. "उशीर होईल. तू जा. भात लाव."

ती चिडूनच गेली. बस चौकातून वळेपर्यंत तो बघत राहिला.

मग त्याने फळीकडे पाहिलं तर दिवा लाल होता. आत्माराम मागच्या भिंतीपासून हललाच नव्हता. मघाशी तेवढं अंतर पुरत होतं.

तो पायरी उतरला. लाल.

त्याने रस्ता ओलांडला, दोन्ही बाजूंना नीट बघून, आणि टपरीच्या बाकड्यावर बसला. बाबल्याने न विचारताच चहा पुढे केला.

"दुकान उघडंच टाकलास?"

आत्मारामने ग्लास हातात धरला. फळीवरचा दिवा इथूनही स्पष्ट दिसत होता. लाल.