बाईचं आधी बघा

सकाळची कामं आटोपून डॉक्टर गंगाधर मलम घोटत बसले होते. माणदेशातल्या त्या उजाड गावात लोकल बोर्डाचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी आणि पडवीत एक लाकडी बाक. बाहेर ऊन रणरणत होतं. बिराप्पा धनगर चिघळलेला पाय घेऊन केव्हाचा पडवीत ताटकळत होता, पण आत काही येईना.

"बिराप्पा, या की आत."

"आवं सायेब, ही बाई आधी आलीया. तिचं बघा की पयलं."

गंगाधरांनी बाहेर येऊन पाहिलं. बाक रिकामा होता.

"कोण बाई?"

"ही काय…" बिराप्पाचा आवाज खाली आला. "खांदा निखळलाय बिचारीचा. हात हळदीनं पिवळेधमक हायती."

गंगाधर बाकापासून मागे सरले.

ते हात त्यांनी पाहिले होते. महायुद्ध ऐन भरात होतं तेव्हा ते सांगलीच्या एका इस्पितळात नवे डॉक्टर म्हणून लागले होते. पेठेत हळद निवडणारी सुलाबाई, अंगावर पोतं कोसळलं म्हणून तिथं आली. खांदा बसवायला विष्णुपंत, इस्पितळातले बडे सर्जन. भूल द्यायला गंगाधर. तिच्या तोंडावरच्या फडक्यावर ते क्लोरोफॉर्मचे थेंब टाकत गेले आणि त्यांच्या बोटांखालची तिची नाडी बारीक होत गेली.

"सर, नाडी नीट लागत नाही…"

"हात सैल पडत नाहीये. आणखी टाका!"

फडकं उचलायला हवं, हे गंगाधरांना कळत होतं. पण सरांची मर्जी गेली तर? त्यांनी आणखी टाकलं. सुलाबाई पुन्हा उठली नाही. खांदा निखळलेलाच राहिला.

चौकशीत विष्णुपंत हळहळून म्हणाले, "पोरसवदा डॉक्टर. माझ्या नकळत औषध जास्त टाकलं." झालं. विष्णुपंतांची मोटार सांगलीत तशीच दिमाखात फिरत राहिली, आणि गंगाधर या माळावर येऊन पडले, जिथं कुणी डॉक्टर टिकत नव्हता.

बिराप्पा आला त्या दुपारपासून रोजचं तेच. रोगी यायचे, पडवीत घुटमळायचे, "बाईचं आधी बघा" म्हणायचे. हळूहळू रोग्यांनाही उमगलं. बाई कधी बघावं तेव्हा तिथंच असते. पाणी पीत नाही, पापणी लववत नाही. लोक वाट वाकडी करून वैदूकडे जाऊ लागले. गंगाधरांना मात्र ती कधीच दिसली नाही. फक्त दुपारी, वारा पडला की, पडवीतून ओल्या हळदीचा वास यायचा आणि त्यात मिसळलेला तो दुसरा, गोडसर, घसा धरणारा…

साताऱ्याहून बोर्डाचे साहेब येऊन बजावून गेले. "रोगीच नाहीत, तर डॉक्टर कशाला पोसायचा?"

ही नोकरी गेली असती तर पुढे कुणी दारात उभं केलं नसतं. गंगाधर सांगलीला गेले. विष्णुपंतांच्या घरी रोग्यांची ही गर्दी.

"सर," गंगाधरांनी हळूच विचारलं, "सुलाबाई तुमच्याकडे येते?"

विष्णुपंतांनी दार लोटून घेतलं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "माझ्याकडे कशाला येईल? तिच्या मरणावर नाव तुमचं लागलंय, गंगाधर."

गंगाधर परतले. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पडवीत जाऊन रिकाम्या बाकापुढे उभे राहिले.

"सुलाबाई… आत या."

काही हललं नाही. मग आतलं स्टूल करकरलं.

वासाने त्यांचा जीव गुदमरला. तरी त्यांनी हात पुढे केले, आणि त्यांच्या ओंजळीत वजन आलं. गार, जड, माणसाच्या दंडाचं वजन. डोळे मिटून त्यांनी काखेत मूठ दिली आणि हात हळूहळू ओढला. भूल नाही, काही नाही. कुणी कण्हलं नाही. फक्त खोबणीत हाड बसल्याचा आवाज आला.

"झालं, बाई," गंगाधर म्हणाले.

थोड्या वेळाने बिराप्पा लंगडत आत आला. आज आपण होऊन.

"गेली बाई. हात हलवत गेली बघा!"

गंगाधरांना रडू कोसळलं. डोळे पुसत पुसतच त्यांनी त्याचा पाय धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. किती दिवसांनी हाताला कुणाचं ऊन अंग लागत होतं!

बिराप्पा निघाला आणि उंबऱ्यातच थबकला.

"सायेब… आता ह्यांचं बघा."

"कुणाचं?"

"ही दोगं की. एक म्हातारं हाय, आन् एक परकरी पोर. दोगांच्या बी तोंडावर फडकी हायती."

गंगाधरांनी पडवीत पाहिलं. बाक रिकामा होता.

"मी… मी अशा कुणाला कधी भूल दिली नाही, बिराप्पा."

बिराप्पा बाकाकडे कान देऊन थोडा वाकला. मग मागे सरकला.

"लांबनं आल्यात, सायेब. सांगलीच्या मोठ्या डाक्टरनी हिकडं धाडलंय म्हनत्यात."