छातीच्या उंचीवर

पहिल्यांदा तिला त्याचे फक्त हात दिसले. एका जाड बुंध्याला पलीकडून कुणीतरी मिठी मारली होती. उजव्या हातात टेप होती, आणि डावा हात तिचं दुसरं टोक चाचपडत होता.

"कोणी आहे का तिकडे? जरा टोक धरता?"

तिने धरलं.

"वर… अजून थोडं वर. अहो, टाचा उचला की!"

"उचलल्यात. आता काय उडू?"

बुंध्याआडून एक चेहरा डोकावला, तिच्या अंदाजापेक्षा चांगला हातभर वर.

तिने ओळख करून दिली. ती सांख्यिकी कार्यालयातून आली होती. यंदापासून देशभरातल्या झाडांची मोजणी कागदावर नाही, थेट टॅबलेटमध्ये होणार होती. हे बसवून द्यायला तिला तीन आठवडे मिळाले होते. तो म्हणजे इथला मोजणीदार. गेली नऊ वर्षं या जंगलाचे चाळीस तुकडे त्याने एकट्याने मोजले होते. सगळे त्याला 'शिडी' म्हणत.

"म्हणजे माझी वही बंद करायला आलात," तो म्हणाला.

"वहीला वाळवी लागते."

"तुमच्या यंत्राला काय लागतं?"

त्याचं उत्तर तासाभरात मिळालं. भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि काचेवरच्या थेंबांना बोटं समजून टॅबलेट स्वतःच आकडे भरू लागला. एका झाडाचा घेर अकरा मीटर झाला. लगेच लाल चौकट आली: 'हा आकडा अशक्य वाटतो. खात्री आहे?' खाली 'हो' आणि 'नाही'.

तिने 'नाही' दाबलं. डोक्यावरची टोपी काढून त्याने टॅबलेटवर धरली, आणि स्वतः भिजत उभा राहिला. यंत्राला मात्र त्याने बोटही लावलं नाही. तो आकडा सांगायचा, ती भरायची. असे दहा दिवस गेले.

"दोन माणसांच्या कामाला दोन माणसं लागतात, हे या शिडीला नऊ वर्षांनी कळलं," इथल्या वन कार्यालयातल्या मावशी फायली बांधता बांधता म्हणाल्या. तो खिडकीबाहेर बघू लागला. ती चहाच्या कपात.

अकराव्या दिवशी तो तालुक्याला गेला, म्हणून तिने एक तुकडा एकटीने, आपल्या हाताला येईल तिथे टेप लावून मोजला. प्रत्येक झाडाला लाल चौकट आली. त्याच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडलं, तर चार वर्षांत होते तेवढी वाढ झाडांनी एका वर्षात केली होती.

संध्याकाळी तिने त्याला विचारलं, "टेप नेमकी कुठे लावता?"

"छातीच्या उंचीवर. माझ्याआधी इथे मोजणी करणाऱ्या काकांनी शिकवलं तसं."

"कुणाच्या छातीच्या?"

तो थांबला. "…माझ्या."

नियम जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरचा होता. तिला तो तोंडपाठ होता, पण झाडापुढे तिने एकदाही उंची तपासली नव्हती. वर बुंधा निमुळता होतो, त्यामुळे त्याचे सगळे आकडे कमी भरले होते. शुक्रवारी द्यायच्या अहवालात तिने एवढंच लिहिलं असतं, तर त्याचे सगळे आकडे रद्द होऊन देशाच्या आकडेवारीतून हे जंगल नऊ वर्षांसाठी पुसलं गेलं असतं.

"नऊ वर्षं," तो म्हणाला. "मग मी तिथे काय फिरायला जात होतो?"

सकाळी ती टेप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"सरळ उभे राहा."

"मी झाड आहे का?"

"हलू नका. आणि श्वास… एवढा मोठा घेऊ नका, आकडा बदलतो."

"मी घेत नाहीये… तो होतोय."

जमिनीपासून छातीपर्यंत एक मीटर बावन्न. तिने आकडा दोनदा वाचला. एकदा पुरला असता.

पुढचे चार दिवस दोघांनी प्रत्येक झाड दोनदा मोजलं, एकदा त्याच्या उंचीवर, एकदा नियमाच्या. फरक जवळपास सगळीकडे सारखाच निघाला. शुक्रवारी तिने अहवाल त्याला वाचून दाखवला: "चूक आहे. पण ती नऊ वर्षं एकाच उंचीवर, एकदाही न ढळता झाली आहे. म्हणून ती दुरुस्त करता येते. सर्व आकडे ग्राह्य धरावेत."

"हे माझ्याबद्दल लिहिलंय?"

"आकड्यांबद्दल." ती थांबली. "…आणि तुझ्याबद्दल."

बसला अजून वीस मिनिटं होती. ती पहिल्या दिवशीच्या झाडापाशी टॅबलेट उघडून उभी राहिली.

"एक रकाना राहिलाय. सोबतचा मोजणीदार. तो रिकामा ठेवता येत नाही."

"मग तुझं नाव लिही."

"किती वर्षांसाठी? तेही भरावं लागतं."

त्याने बुंध्याकडे पाहिलं. "हे झाड अजून साठ वर्षं तरी उभं असेल."

तिने साठ लिहिलं. लाल चौकट आली: 'हा आकडा अशक्य वाटतो. खात्री आहे?'

तिने टाचा उचलून टॅबलेट त्याच्यासमोर धरला. त्याने शर्टाला बोट पुसलं, आणि 'हो' दाबलं.